पालखीच्या होडीची मोटर

मोटर चालू झाली असती तर लवूभावोजींना मिळणार होतं काय? एक कप चहा. आणि बंद राहिली असती तर देवीची पालखी त्यांच्या ट्रॉलरवर चढणार होती, गावाचा पहिला नारळ त्यांच्या हातात येणार होता, आणि त्यांच्या मुलीचं, कुंदाचं, पलतडच्या मानकऱ्यांकडे ठरत आलेलं लग्न पक्कं होणार होतं. असं असताना हा माणूस सकाळी सकाळी मेस्त्रीला घेऊन आमच्या खळ्यात उभा होता आणि वर माझ्या नवऱ्याला सांगत होता, "पैशांचा तू बघू नको, वामन. ता माझ्याकडे."

मी पायरीवर तांदूळ निवडत बसले होते. माझे वडील मुंबईत भाऊच्या धक्क्यावर काट्यावर बसायचे. मासळीची टोपली काट्यावर आली की ते आधी टोपलीकडे नाही, माणसाच्या अंगठ्याकडे बघायचे. अंगठा कुठे टेकलाय का, ते. हुंड्यात मी दुसरं काही आणलं नसेल, पण ती नजर आणली होती. लवूभावोजींचा अंगठा मला दिसत नव्हता. पण कुठेतरी टेकलेला असणारच, याबद्दल मला शंका नव्हती.

"ह्यो इनास," भावोजी म्हणाले. "वेंगुर्ल्याक ह्येच्यासारखो मेस्त्री नाय. माझ्या ट्रॉलराचा इंजिन ह्येनाच बांधल्यान."

"ट्रॉलराचा डिझेल इंजिन, बाबा, ता वेगळा," इनास म्हणाला. पोट सुटलेला, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, बोलताना सारखा घाम पुसणारा माणूस. मोटरीभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "ह्या पेट्रोलचा म्हणजे खेळणा. पण बघया."

म्हणजे डिझेलचा डॉक्टर आणून पेट्रोलचा रोगी दाखवायचा. सापडला अंगठा, मी मनात म्हटलं, आणि तांदळातला एक खडा लांब फेकला.

ही सगळी धावपळ कशासाठी, ते सांगायला हवं. त्रिपुरी पौर्णिमेला आमच्या खारेवाडीची देवी खाडी ओलांडून पलतडला बहिणीला भेटायला जाते. पालखीची होडी आमच्या घरची. पूर्वी ती वल्ह्यांवर जायची. मग वल्हवणारे मुंबईला गिरण्यांत आणि गोव्याला ट्रॉलरवर गेले, तेव्हा माझे सासरे तातू गोव्याहून एक जुनी मोटर घेऊन आले, होडीच्या पाठीला लावायची. गावातल्या म्हाताऱ्यांनी बराच आरडाओरडा केला, देवी काय पेट्रोलच्या वासात बसणार काय, म्हणून. शेवटी कौल लावला. देवीच्या पाषाणावर चिकटवलेली पाकळी उजव्या बाजूने पडली, म्हणजे देवीला मोटर चालणार होती. तेव्हापासून पालखी तातूंच्या मोटरीवर.

एक नियम मात्र वल्ह्यांच्या काळातला तसाच राहिला. पालखी चढली की होडी मध्ये थांबायची नाही. थांबली तर देवी त्या घरातून उठली असं समजायचं आणि मान पुढच्या पातीला, म्हणजे घराण्याच्या पुढच्या शाखेला द्यायचा. पुढची पाती म्हणजे लवूभावोजी. त्यांचे वडील तातूंचे सावत्र भाऊ, दुसऱ्या बायकोचे. गावजेवणात त्या पातीचं पान पंगतीच्या टोकाला पडायचं, जिथे आमटी येईपर्यंत पातळ झालेली असते. भावोजींनी स्वतःच्या हिमतीवर ट्रॉलर घेतला, पण पान टोकालाच राहिलं.

आषाढात तातू गेले. देवीचे मुख्य मानकरी दाजी गावकार, त्यांनी पुन्हा कौल लावला आणि देवीने सांगितलं, यंदाही होडी याच घरची आणि मोटर तातूचीच. झालं. वल्ह्यांची वाट बंद. आणि दसऱ्यानंतर माझ्या नवऱ्याने पडवीतून मोटर बाहेर काढली तर ती सुरू व्हायची, जरा वेळ व्यवस्थित चालायची आणि मरायची. वामन तालुक्याच्या पोस्टात कारकून. तिकिटावर शिक्का मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण मोटरीला शिक्का चालत नाही.

आता त्रिपुरी परवावर आली होती.

इनासने मोटर लाकडी घोडीवर टांगली आणि तिचा पाय पाण्याच्या पिंपात सोडला. वामनने टाकी आणून ठेवली. लाल पत्र्याची, हातात धरून न्यायची टाकी. तिच्यातून रबरी नळी मोटरीत जायची. इनासने टाकी हलवून पाहिली, झाकणावरचा हवेचा स्क्रू बघितला. "उघडो आसा. बरा. पण तुमच्या पेट्रोलाचो माका भरवसो नाय. कचरो आसतलो." मग स्वतःचा डबा खांबाला टांगून त्याने नळी त्या डब्याला लावली आणि दोरी ओढली.

मोटर लागली. पिंपातलं पाणी उकळल्यासारखं उसळायला लागलं, कोंबड्या पडवीत पळाल्या. आम्ही सगळे तिच्याकडे बघत उभे. आता मरेल, मग मरेल. मेली नाही. चहा झाला, दुसरा चहा झाला, तरी मोटर चालूच.

"प्लगार काजळी होती," इनास म्हणाला. "आता ही तुमका रत्नागिरीक न्हेयत."

मी तेव्हा लवूभावोजींकडे बघत होते. तोट्यात गेलेल्या माणसाचं तोंड मला ओळखू येतं. ते तोंड तसं नव्हतं. ते मोटरीच्या टपावर थाप मारून म्हणाले, "बघ, तातूकाका! बोललंय का नाय!" आणि नाक पुसत पाणी प्यायला मागच्या दाराकडे गेले.

मागच्या दारात माझी सासू बसली होती. तातू गेल्यापासून ती पुढच्या खळ्यात आली नव्हती. पहिलं वर्ष, देवाधर्माच्या कामात समोर यायचं नाही, असं कोणी तिला सांगितलं नव्हतं आणि कोणी सांगायची गरजही नव्हती.

"लागली काय रे, लवू?"

"लागली गो, काकी. ऐकाक येता मगे?"

"येता." तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. "तुझा चेडू बरा आसा? कधी येतत पलतडचे?"

"त्रिपुरी झाली काय येतले."

तिने मान हलवली. मला वाटलं, दोघांनाही ठाऊक आहे की हे लग्न आणि ही मोटर एकाच तराजूच्या दोन पारड्यांत आहेत, आणि दोघंही असं बोलतायत जसं काही काटा भिंतीवर शोभेला लावलेला आहे.

दुपारी भरतीला होडी खाडीत काढली. वामन सुकाणूला, म्हणजे मोटरीचाच दांडा धरून, इनास त्याच्या शेजारी, भावोजी पुढे नाळेवर, होडीच्या टोकाला. टाकी घसरत होती म्हणून ती धरायला मला बसवलं. धक्क्यावर बायका जमल्या होत्या. मला पाहून एकीने विचारलं, "शालन, देवीच्या आधी तूच चललंस?"

"जागा तापवून ठेवते," मी म्हटलं.

होडी झकास निघाली. मी टाकी मांडीशी आवळून धरली होती. खाडीच्या मध्यावर आलो न आलो तोच मोटर दोनदा शिंकली आणि गप्प. एकदम इतकी शांतता झाली की पलतडच्या वाडीतला कुत्रा ऐकू आला.

"पेट्रोल आसा मगे?" इनासने झाकण फिरवून काढलं, आत डोकावला. "अर्धी टाकी आसा." झाकण लावलं, दोरी ओढली, मोटर लागली. चार वल्ह्यांचं अंतर गेलो असू, पुन्हा बंद. पुन्हा झाकण काढून आत बघणं, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. इनासने प्लग बदलला. कार्ब्युरेटर सोडवून त्याच्या बारीक भोकातून तोंडाने फुंकर मारली आणि पेट्रोल थुंकत बसला. मोटर लागली. मोटर मेली.

"ह्येच्यात भूत आसा," तो म्हणाला.

"मेल्या, तू किरिस्ताव," भावोजी नाळेवरून ओरडले. "तुका भूत कसला?"

"आमच्यातय आसतत, बाबा. फक्त ती पोर्तुगीज बोलतत."

वामन हसला नाही. त्याने वल्ही काढली. परत येताना धक्क्यावरच्या बायका हसत नव्हत्या, आणि ते जास्त वाईट होतं. दाजी गावकार काठीवर हात ठेवून उभे होते. त्यांनी वामनला बाजूला घेतलं, पण त्यांचा आवाज बाजूला न्यायच्या जातीचा नव्हता.

"वामन, त्रिपुरेच्या सकाळी अजून एकदा बघूया. नाय चलली तर लवूचो ट्रॉलर धुवान तयार आसात. देवी काय माझ्यासाठी थांबाची नाय, तुझ्यासाठीय नाय."

"होय, दाजी."

"आणि मग घरात काय चुकला, ता पण विचारूक होया. पिंपात चलता आणि देवीच्या पाण्यार मरता, म्हणजे मोटरीत काय नाय. घरात कायतरी आसा. कोणाचो हात लागलो, कोण मधी इला, ता कौल लावन गावासमोर विचारतलंव."

कोणाचा हात, हे त्यांनी सांगितलं नाही. विहिरीवर मात्र आदल्या दिवशीच एकीने बादली ओढता ओढता सांगून टाकलं होतं: मोटर ज्या पडवीत ठेवली, तिच्या पलीकडच्याच खोलीत ती निजते ना? ती म्हणजे माझी सासू. आमच्याच वाडीत काही वर्षांपूर्वी एका विधवेचा असा कौल लागला होता. तिला कोणी मारलं नाही की हाकललं नाही. फक्त तिच्या हातचं पाणी बंद झालं, लग्नाबारशाला तिच्या दाराशी अक्षता जाईनात, आणि एका शिमग्यात ती माहेरी गेली ती आलीच नाही. तर पणाला लागलेलं काय होतं, ते मला व्यवस्थित कळत होतं. वामनला फक्त बापाचा मान दिसत होता.

संध्याकाळी भाकरी थापताना सासू म्हणाली, "थांबली?"

"थांबली."

"माझा नाव घेतत?"

"घेऊ देत."

"तुका काय जाता घेऊ देत म्हणाक?" ती म्हणाली. रागाने नाही, नुसती बेरीज सांगावी तसं. तव्यावरची भाकरी तिने हातानेच उलटली.

मधला एक दिवस इनासने मोटर सबंध खोलली, पुसली, बांधली. पिंपात, इनासच्याच डब्यावर, ती पुन्हा शहाण्यासारखी चालली. जेवताना वामनने हळूच विचारलं, "ह्येका लवून मुद्दाम आणल्यान काय?" मी म्हटलं, "मलाही तेच वाटतंय." खोटं कशाला बोलू? मला तेच वाटत होतं. इतकंच की दोन दिवस लवूभावोजींनी जाळ्यांचं काम सोडून आमच्या खळ्यात बसून इनासचे पाने पुसून दिले होते, आणि हा खर्च माझ्या हिशोबात कुठे मांडायचा ते मला कळत नव्हतं.

त्रिपुरीच्या सकाळी धक्क्यावर अर्धं गाव. दाजी आणि दोन मानकरी कठड्यावर बसले होते. लवूभावोजींचा ट्रॉलर पलीकडे धुऊन, आंब्याच्या टाळांनी सजवून उभा. तो तसा उभा करायला दाजींनीच सांगितलं होतं. होडी धक्क्याला बांधलेली ठेवूनच इनासने मोटर लावली, टाकीवर. मी टाकी धरून बसले. मोटर लागली, चालली, आणि थोड्या वेळाने सगळ्यांच्या देखत शिंकून गप्प झाली.

दाजींनी काठी उचलली.

इनासने सवयीने झाकण काढलं, आत डोकावला. आणि मी, जिने दोनदा ती टाकी तान्ह्या पोरासारखी मांडीशी धरली होती, मी म्हटलं, "इनास, ते झाकण आता लावू नका."

"कित्या?"

"उघडलं की चालते. लावलं की मरते. पिंपात चालली तेव्हा तुमचा डबा लावला होता, त्याला झाकणच नव्हतं."

"वयनी, हवेचो स्क्रू उघडो आसा. मी बघलंय."

"नका लावू. चालवून तर बघा."

भावोजी धक्क्यावरून म्हणाले, "बघ रे, इनास. बाई काय म्हणता ता बघ."

झाकण माझ्या हातात ठेवून इनासने मोटर लावली. ती चालली. लोक उठून उभे राहिले तरी चालली. दाजी काठी टेकून बसले तरी चालली. वामनने माझ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून त्याने माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं, आणि नंतरही फारसं नाही.

इनासने मोटर बंद केली आणि कपाळावर हात मारला. "हवा! टाकयेत हवा जाऊक नाय तर पेट्रोल भायर कसा येतला? हडे आण ता." त्याने झाकण घेतलं, हवेचा पितळी स्क्रू पुरता फिरवून काढला, आणि खालच्या भोकात तार घातली. तार अडली. त्याने जोर लावून फिरवली आणि बाहेर ओढली.

तारेच्या टोकाला लाल गोळा होता. चिकट, चकचकीत.

मला तो ओळखायला श्वास घ्यायचाही वेळ लागला नाही. आधी मेण, मग त्यावर पिंजर. आमच्या सासूच्या पिढीच्या बायका कपाळाला कुंकू तसंच लावायच्या, बोटाने मेण दाबून. आणि खंडेनवमीला तातू हत्यारांबरोबर मोटरीचीही पूजा करायचे, तेव्हा टपावर कुंकू सासूच लावायची. तातू म्हणायचे, माझ्या मोटरीला माझ्याच बायकोचं कुंकू. यंदाच्या खंडेनवमीला टपावर काही नव्हतं. टपावर लाल दिसलं असतं तर कोणी लावलं हे गावाने विचारलं असतं. म्हणून तिने कुणालाही दिसणार नाही अशी जागा शोधली होती. स्क्रू काढून, त्याच्याखाली, अंगठ्याने घट्ट दाबून, वर पुन्हा स्क्रू लावून.

"ह्या काय?" दाजी कठड्यावरून उठले. "लाल कसला? हडे दाखव."

इनासने तार नाकाशी नेली. चर्चमध्ये जाणाऱ्या माणसाला मेणाचा वास सांगावा लागत नाही. तो म्हणाला, "वास तर मेणब—"

"रंग आसा तो," लवूभावोजी म्हणाले.

ते धक्क्याच्या पायऱ्या उतरून होडीत आले होते. त्यांनी इनासच्या हातातून तार घेतली, लाल गोळा दोन बोटांनी ओढून काढला, आणि दाजींच्या हाताला काठीभर अंतर उरलं असताना खाडीत फेकला.

"रेड ऑक्साईड. ट्रॉलराक लावतंय तो. ग्रीसात कालवलेलो."

"तुका कसा म्हायत?" दाजी म्हणाले.

"मीच घातलंय."

वामन जागेवरून उठला.

"कित्या?" वामनने विचारलं. खरं तर विचारलं नाही, तोंडातून सुटलं.

"कित्या म्हणजे? ट्रॉलर धुवान ठेवलेलो दिसना नाय तुका? माझ्या पातीन किती वर्सा टोकाक बसाचा?" ते इनासकडे वळले. "सांग रे, काय वास येता?"

इनासने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझं तोंड कसं झालं होतं कोण जाणे. त्याने घाम पुसला आणि म्हणाला, "ग्रीस, बाबा. ग्रीसच तो."

वामनने होडीतच भावोजींच्या थोबाडीत मारली. मोठ्या चुलतभावाच्या, गावादेखत. होडी डचमळली. भावोजींनी हात वर केला नाही. दाजी म्हणाले, "देवीच्या होडयेत हात घातलंस, लवू? शिरा पडो तुझ्या तोंडार!" आणि थुंकले. ट्रॉलरवरचे आंब्याचे टाळ पोरांनी ओरबाडून पाण्यात टाकले.

पायऱ्या चढताना भावोजी माझ्या बाजूने गेले. मी तोंड उघडलं होतं. त्यांनी मान हलवली, जेमतेम. नको.

दुपारी पालखी चढली. वाजंत्री, अबीर, गोंड्यांच्या माळा. वामन दांडा धरून बसला आणि तातूंची मोटर खाडी चिरत एका दमात पलतडला गेली. मी परतीला भोयांचे पाय धुतले. मानकऱ्याच्या सुनेचं ते काम, आणि त्यासाठी मला हिरवं लुगडं मिळालं. म्हणजे फायद्यात मीही होते. लुगडं नेसताना ते मला बोचलं, पण नेसले.

पलतडच्या मानकऱ्यांचा निरोप देवदिवाळी यायच्या आत आला: पत्रिका जुळत नाही. ती दसऱ्याला जुळली होती.

घरी वामन तावातावाने सगळं सांगत होता तेव्हा सासू चुलीपुढे होती. "झाकणात?" तिने एवढंच विचारलं. "लाल?" आणि निखारा पुढे ओढायचं विसरली. दुसऱ्या दिवशी वामन पोस्टात गेल्यावर तिने डोक्यावर पदर घेतला, तातू गेल्यानंतर पहिल्यांदा पुढच्या दाराने बाहेर पडली आणि मला म्हणाली, "चल."

लवूभावोजी अंगणात जाळं विणत बसले होते. गालावर अजून सूज होती. त्यांनी सासूला बसायला पाट दिला. ती बसली नाही.

"लवू, ता माझ्या हातचा होता."

"माका म्हायत आसा, काकी."

"तुका कसा म्हायत?"

"पयली मोटर इली तेव्हा तू टपार कुंकू लावलंस, आणि मग माका जवळ बोलवन माझ्याय कपाळाक लावलंस. माझी आवस तेव्हा नव्हती. मेणाचा ता कुंकू दोन दिवस गेला नाय." ते हसले. "तसला कुंकू दुसऱ्या कोणाचा गो?"

"मी आता जातंय आणि दाजीक सांगतंय."

"काय सांगतलंस?"

"खरा ता."

भावोजींनी जाळ्याची सुई खाली ठेवली. "काकी, माझा जावचा ता गेला. पंगत गेली, चेडवाचा लगीन जातला, खलाशी उद्यापासून येवचे नाय. आता तू तोंड उघडलंस तर तुझाय जातला आणि माझा गेलेला फुकट जातला. येक तरी कायतरी पदरात ऱ्हवांदे."

"मी मागलंय तुझ्याकडे?"

"नाय मागलंस. दिलंय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "शालन, वामनाक बोलू नको. तो बापाचो झिल, पोटात काय ठेवचो नाय."

सासू तशीच उभी राहिली. मग ती पाटावर बसली, आणि तिने त्यांच्या हातातलं जाळं ओढून घेतलं आणि सुटलेले टाके विणायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत ती विणत होती.

यानंतरची वर्षं भराभर गेली. खलाशी खरंच आले नाहीत. भावोजींनी रत्नागिरीहून माणसं आणली, ती टिकली नाहीत, आणि ट्रॉलर गोव्याला विकला गेला. मग ते दुसऱ्यांच्या बोटींची इंजिनं बांधत फिरले, बऱ्याचदा इनासबरोबर. वामन त्यांच्याशी कधीच बोलला नाही. सासू मात्र वामनच्या नाकावर टिच्चून दर आठवड्याला त्यांच्याकडे जायची, हातात काहीतरी झाकलेलं घेऊन. वामन ओरडायचा, "ज्येनी बापसाच्या मोटरीत घाण घातली, तेच्या घराक?" आणि ती म्हणायची, "माझे पाय, मी खयय न्हेयन." ती गेली तेव्हा तिला खांदा द्यायला भावोजी आले आणि वामनने त्यांना परत पाठवलं. ते खाडीच्या कडेने, अंतर ठेवून, स्मशानापर्यंत चालत आले.

वामनही गेला. पूल झाला, पालखी आता ट्रॅक्टरवरून जाते. मागच्या वर्षी लवूभावोजी गेले आणि त्यांच्या तेराव्याला कुंदा बेळगावहून आली. तिचं लग्न उशिरा झालं, घाटावर, दोन मुलं असलेल्या बिजवराशी. मुलं चांगली निघाली, माणूस बरा होता. समुद्राचं नाव मात्र तिने तिथे काढलं नाही.

सगळे जेवून गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. केस पांढरे, बोलण्यात बेळगावचा हेल.

"काकू, एक विचारू? बाबांनी खरंच घातला होता का रंग?"

आता ऐकायला कोणी उरलं नव्हतं. ज्यांची नावं जाणार होती ते नावासकट गेले होते. मी तिला सांगितलं. मेण, कुंकू, स्क्रू, खाडीत फेकलेला गोळा, सगळं.

मला वाटलं, रडेल. हलकं होईल तिला, बाप चोर नव्हता हे कळून. तिने पदराने तोंड पुसलं, पण डोळे कोरडे होते.

"आजीसाठी," ती म्हणाली.

"हो."

"मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, काकू. आजी मला पण आवडायची." ती उठली, खरकटी पानं गोळा करायला लागली. "पण विचारायला तर हवं होतं ना."

मी आयुष्यभर माणसं तोलली. त्या त्रिपुरीचा हिशोब मी किती वेळा मांडला असेन: वामनला मान मिळाला, मला लुगडं, सासूला तिचं उरलेलं आयुष्य, गावाला बोलायला विषय. भरणारे म्हणून मी नेहमी एकट्या लवूभावोजींचं नाव लिहीत आले होते. त्यांनी दिलं ते त्यांचं होतं, राजीखुशीने दिलं. मोठी रक्कम मात्र कुंदाने भरली, आणि ती तिच्याकडे कुणी मागितलीसुद्धा नव्हती.